घर तिच्या नावावर, मग माझं काय?

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात): मी ५१ वर्षांचा, मूळ नाशिकचा. बरीच वर्षं बँकॉकजवळच्या एका कारखान्यात नोकरी करतोय. पत्नी थाई आहे, उदोन थानीकडची. लग्न तिथल्या जिल्हा कार्यालयात नोंदलेलं आहे, सात वर्षांची मुलगी आहे. पुढच्या वर्षी माझा करार संपतो. त्यानंतर पत्नीच्या गावी घर बांधून राहायचं असं आमचं ठरलंय. सासूबाईंची एक राई (जमीन मोजण्याचं तिथलं माप) जमीन आहे, नाहीतर शेजारचा तुकडा विकत घेता येईल. त्यासाठी नाशिकचा फ्लॅट विकायचा विचार आहे. पण जमीन माझ्या नावावर होऊच शकत नाही असं कळलं. उलट ‘हा पैसा माझा नाही’ अशी सही मलाच करावी लागणार. भाऊ म्हणतो, “सगळं विकून घरजावई व्हायला निघालास.” सहकारी म्हणतो कंपनी काढ आणि जमीन तिच्या नावावर घे. एजंट म्हणतो ३० वर्षांचा भाडेपट्टा करा, पुढे दोनदा वाढवून मिळतो. माझं नाव कसं लागेल? घर झालं की व्हिसाचंही मार्गी लागेल ना? आणि हा विषय पत्नीकडे न दुखवता काढायचा कसा?

उत्तर

नमस्कार. व्हिसाचं आधी सांगते, कारण तिथे गैरसमज आहे आणि तो महागात पडू शकतो. तुमच्या या घराचा आणि व्हिसाचा काहीही संबंध नाही. गावात दोन मजली बंगला बांधलात तरी त्याच्या जोरावर थायलंडमध्ये एक दिवसही जास्त राहता येणार नाही. तुमचा मुक्काम तुमच्या लग्नावर, वयावर, मुलीवर किंवा नोकरीवर अवलंबून आहे. त्याकडे नंतर येते.

आता नावाचं. थायलंडचा जमीन कायदा १९५४चा आहे. त्यात परकीय नागरिकाला जमीन घेता येते ती फक्त दोन देशांमधल्या करारानुसार, आणि असे सगळे करार १९७० पर्यंत संपुष्टात आले. चार कोटी बाथ ठरावीक ठिकाणी गुंतवले तर मंत्रालयाच्या परवानगीनं राहण्यासाठी एक राईपर्यंत जमीन घेता येते, पण ती वाट तुमच्या-माझ्यासारख्यांची नाही. (एक राई म्हणजे १६०० चौरस मीटर, आपल्या हिशेबानं जवळपास सोळा गुंठे.) म्हणजे थाई नागरिक झाल्याशिवाय त्या जमिनीला तुमचं नाव लागणार नाही. यात पळवाट नाही, आणि जी दाखवली जातेय ती तुम्हाला अडचणीत आणेल.

सहकाऱ्याची कंपनी म्हणजे तीच पळवाट. एक्कावन्न टक्के भाग नावापुरत्या थाई माणसांचे, पैसा आणि हुकूम तुमचा. हे तिथे सरळसरळ बेकायदा आहे. परकीय माणूस आणि त्याच्यासाठी नाव देणारा थाई माणूस, दोघांनाही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि जमीन विकायला लावतात. नाव देणाऱ्यांत उद्या तुमची मेव्हणी असली तर तिलाही तुम्ही त्यात ओढाल. हा विषय इथेच सोडा. एजंटाचं बोलणं अर्धं खरं आहे: भाडेपट्टा ३० वर्षांपर्यंत होतो आणि तीन वर्षांहून जास्त मुदतीचा असेल तर भूमी कार्यालयात नोंदवावा लागतो. ‘पुढे दोनदा वाढवून’ हे मात्र वचन आहे, नोंदलेला हक्क नाही. तीस वर्षांनी तुम्ही ऐंशीच्या पुढे असाल. तेव्हा ते वचन कोण पाळणार?

तुमच्या पत्रात एक सूर आहे, की थायलंड परक्या माणसावर अन्याय करतंय. क्षणभर आपल्याकडे बघू या. तुम्ही नाशिकचे, पण शेतकरी नसाल तर कुळकायद्यामुळे तुम्हालाही दिंडोरीत सहज शेतजमीन घेता येत नाही. आणि तुमची पत्नी? ओसीआय कार्ड (भारताशी नातं असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) मिळाल्यावरही तिला आपल्याकडे फ्लॅट घेता येईल, शेतजमीन किंवा फार्महाऊस नाही. ती तुमच्यासोबत नाशिकला येऊन राहिली असती तर तिनं जवळपास हेच पत्र मला लिहिलं असतं. फक्त तिच्या माहेरी कुणी ‘तुझं नाव नसेल तर जाऊ नकोस’ म्हणालं असतं का, याचा विचार करा. नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावरच्या घरात आपल्या किती बायका आयुष्य काढतात, आणि आपण त्याला धोका म्हणत नाही. तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती खरीच आहे, आणि ती त्यांचीही असते, एवढंच.

‘घरजावई’ हा शब्द तुम्हाला लागलाय. उदोन थानीच्या पट्ट्यात, ज्याला तिथे इसान म्हणतात, लग्नानंतर जावयानं सासरी राहायला जाणं ही जुनी रीत आहे. घर बहुधा धाकट्या मुलीकडे जातं, कारण म्हातारपणी आई-वडिलांजवळ तीच राहते. तिथल्या कितीतरी पुरुषांनी बायकोच्या घराण्याच्या जमिनीवर संसार केलेत. तुमच्या सासूबाईंच्या नजरेत तुम्ही कमीपणा घेत नाही आहात, रीतीप्रमाणे वागत आहात. भावाला हे समजावून सांगा. त्याला पटेलच असं नाही, पण तुमच्या निर्णयात निदान त्याच्या शब्दाचं ओझं नको.

आता ती सही. भूमी कार्यालयात पत्नीच्या नावे खरेदी होते तेव्हा दोघांना अधिकाऱ्यासमोर एका निवेदनावर सही करावी लागते: जमिनीचा सगळा पैसा पत्नीचा वैयक्तिक आहे, तो नवरा-बायकोच्या समाईक मालमत्तेतला नाही. तुम्हाला हा अपमान वाटला. पण हे निवेदन आलं कशासाठी, ते पाहा. १९९९ पर्यंत परकीयाशी लग्न नोंदवलेल्या थाई स्त्रीला जमीन विकतच घेता येत नव्हती. त्या वर्षी गृह मंत्रालयानं या निवेदनाच्या अटीवर ती मुभा दिली. तुमच्यासाठी ही सही म्हणजे काही गमावणं असेल, पण तिच्यासाठी ती आपल्याच देशात जमीन घेण्याची परवानगी आहे. मात्र सही करताना परिणाम ओळखून करा: उद्या घटस्फोट झाला तर त्या जमिनीत अर्धा वाटा मागता येणार नाही. म्हणून जमिनीसाठी जी रक्कम द्याल ती ‘दिली’ असं मनाशी धरूनच द्या. असं मनाशी धरता येत नसेल तेवढी रक्कम देऊ नका. माझ्या सल्ल्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

सगळे तुम्हाला घटस्फोटाची भीती घालताहेत. मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पत्नी तुमच्या आधी गेली तर? तिनं मृत्युपत्र केलेलं नसेल, तर थाई कायद्यानुसार तिची मालमत्ता तुम्ही, मुलगी आणि सासूबाई हयात असतील तर त्या, अशी सारख्या हिश्शांत वाटली जाईल. सासरेही असतील तर चार हिस्से. जमिनीतला तुमचा हिस्सा वारसा म्हणून मिळेल, पण परकीय असल्यामुळे तो ठेवता येणार नाही, जास्तीत जास्त वर्षभरात विकावा लागेल. शोकात असलेल्या माणसानं सासूबरोबर आणि अल्पवयीन मुलीबरोबर जमिनीचा हिशेब करायचा, तोही वर्षाच्या मुदतीत. भांडणं तिथे होतात, आणि पुष्कळदा चांगल्या माणसांमध्येही होतात.

हे टाळणं अवघड नाही. पत्नीनं थाई भाषेत मृत्युपत्र करावं: जमीन मुलीला, आणि तुम्हाला त्या घराचा तहहयात उपभोगाचा हक्क. आपल्याकडे आई-वडील बक्षीसपत्रानं मुलाला घर देताना स्वतःसाठी तहहयात राहण्याचा हक्क ठेवतात, हे त्याच वळणाचं आहे. मुलगी थाई नागरिक आहे, तिच्या नावाला अडचण नाही. मात्र आत्ताच जमीन तिच्या नावावर करण्याची घाई करू नका. ती वीस वर्षांची होईपर्यंत ती विकायला किंवा गहाण टाकायला न्यायालयाची परवानगी लागेल, आणि आजारपणात पैसा लागला तर हात बांधलेले राहतील.

तहहयात हक्क जिवंतपणीही नोंदवता येतो. थायलंडमध्ये पूर्ण मालकीच्या जमिनीचा जो दाखला असतो, त्याला ‘छनोत’ म्हणतात. त्यावर लाल गरुडाचं चिन्ह असतं आणि मागच्या बाजूला रकाने. खरेदी, गहाण, भाडेपट्टा, उपभोगाचा हक्क, जे काही घडेल ते त्या रकान्यांत एकाखाली एक चढतं. तुमचा हक्क तिथे चढला की जमीन दुसऱ्याला विकली तरी तो जमिनीबरोबर जातो. मालक वारला तरी तुम्ही हयात असेपर्यंत टिकतो. पण इथे एक मोठा खड्डा आहे आणि तो एजंट सांगत नाहीत. नवरा-बायकोनं लग्नाच्या काळात आपापसात केलेला कोणताही करार त्यांच्यापैकी कुणीही लग्न टिकून असताना किंवा ते संपल्यावर वर्षभरात रद्द करू शकतो. थाई दिवाणी संहितेचं कलम १४६९ तसं सांगतं. म्हणजे पत्नीनं तुम्हाला दिलेला हक्क तिच्या मृत्यूनंतर तुम्हाला सांभाळेल, पण भांडण झालं तर तितकासा नाही.

म्हणूनच सासूबाईंच्या राईकडे मी वेगळ्या नजरेनं बघते. जमीन त्यांच्याच नावावर असताना त्यांनी तुम्हाला ३० वर्षांचा भाडेपट्टा किंवा तहहयात हक्क नोंदवून दिला, तर तो नवरा-बायकोमधला करार राहत नाही आणि १४६९ लागू होत नाही. घर बांधण्याचा परवाना तुमच्या नावावर घेता येतो, कारण बांधकामाची मालकी परकीयाला चालते. जमिनीवर आपलं बांधकाम ठेवण्याचा हक्क वेगळा नोंदवता येतो. परवाना, कंत्राटदाराचा करार आणि सिमेंट-सळईच्या पावत्या तुमच्या नावानं आणि जपून ठेवा. पण हे सासूबाईंनी मनापासून आणि सगळ्या मुलांदेखत केलं तरच करा. म्हाताऱ्या बाईला समजावून सही घेतली असं मेव्हण्यांना वाटलं, तर कागद पक्का राहील आणि घरात मात्र बोलणं बंद होईल. सगळीच भूमी कार्यालयं परकीयांसाठी असे हक्क सारख्याच तयारीनं नोंदवत नाहीत. नकाशा काढायच्या आधी तुमच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात जाऊन विचारा.

त्याच फेरीत जमिनीचा दाखला कोणता आहे तेही बघा. इसानमध्ये खूप जमीन ‘सोर पोर कोर’ प्रकारची आहे, म्हणजे शेतीसाठी सरकारनं वाटलेली. ती इतर जमिनीसारखी विकता येत नाही. शेजारचा तुकडा स्वस्त मिळतोय असं कुणी म्हणालं तर आधी हीच शंका घ्या.

आता व्हिसा. आज तुमचा मुक्काम नोकरीवर आहे, आणि नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो आधार संपतो. त्यानंतर तुमच्यापुढे मुख्यतः दोन मार्ग आहेत. थाई पत्नीच्या आधारावर वर्षावर्षानं मिळणारी मुदतवाढ हा पहिला. त्यासाठी फक्त तुमच्या नावावरच्या थाई बँक खात्यात अर्जाआधी दोन महिने ४ लाख बाथ (आजच्या दरानं दहा लाख रुपयांच्या वर) पडून असावे लागतात, किंवा महिन्याला ४० हजार बाथ उत्पन्न दाखवावं लागतं. दुसरा मार्ग पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी, निवृत्तीच्या आधारावर. तिथे ८ लाख बाथ किंवा महिना ६५ हजारांचं उत्पन्न लागतं, आणि काम करता येत नाही.

बहुतेक जण रक्कम निम्मी म्हणून पहिला मार्ग धरतात. तुम्ही पुढे छोटंमोठं काम करणार असाल तर तोच बरा, कारण त्यावर कामाचा परवाना मिळू शकतो. पण त्याला कागद जास्त लागतात. लग्नाचा ताजा उतारा, पत्नीचं ओळखपत्र आणि निळी घरपुस्तिका (घरातल्या रहिवाशांची सरकारी नोंदवही), घरापर्यंतचा हातानं काढलेला नकाशा, आणि फोटो: घरक्रमांकाच्या पाटीशी दोघं उभे, बैठकीत दोघं, स्वयंपाकघरात दोघं. कधी अधिकारी घरी येऊन जातात, शेजाऱ्याला विचारतात. निर्णयाला महिनाभर लागतो, तोवर पासपोर्टवर ‘विचाराधीन’ असा शिक्का. आणि घटस्फोट झाला किंवा पत्नी वारली की हा आधार जातो. दुसरा मार्ग महाग आहे, पण तो फक्त तुमच्या वयावर टिकतो. मुलगी वीस वर्षांची होईपर्यंत थाई मुलाचा पालक म्हणूनही मुदतवाढ मागता येते, हे लक्षात असू द्या. शक्य असेल तर ८ लाख बाथ स्वतःच्या खात्यात घराच्या खर्चापासून वेगळे काढून ठेवा. वापरणार नाही असं वाटलं तरी ठेवा. दर ९० दिवसांनी पत्ता कळवणं आणि देशाबाहेर जाताना परत येण्याची परवानगी आधी काढणं, या दोन गोष्टी नोकरीत असताना कंपनीचा माणूस सांभाळत असेल. आता त्या तुमच्या अंगावर येतील. परवानगी न घेता भाच्याच्या लग्नाला नाशिकला आलात तर वर्षाची मुदतवाढ तिथेच रद्द होते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तिला वेळेचं बंधन आहे. थाई स्त्रीच्या परकीय पतीला नागरिकत्वाच्या अर्जात सवलत आहे, पाच वर्षांच्या वास्तव्याची आणि थाई भाषेची अट त्याला लागू होत नाही. पण व्यवहारात चालू नोकरी, कामाचा परवाना आणि भरलेला कर यांना फार वजन असतं. कायम वास्तव्यासाठी दर देशाला वर्षाला १०० जागा असतात, आणि तिथेही उत्पन्नाचा इतिहास बघतात. (कायम वास्तव्य मिळालं तरी जमीन घेता येत नाही.) म्हणजे तुमचा अर्ज सगळ्यात भक्कम असण्याचा काळ हा आत्ताचा आहे, नोकरी सोडायच्या आधीचा. थाई नागरिक झालात तर जमिनीला नावही लागेल. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, भारतीय पासपोर्ट जाईल, ओसीआय कार्डावर यावं लागेल. ते तुम्हाला झेपेल का, हे तुम्हीच ठरवायचं. निदान करार आणखी एक-दोन वर्षं वाढवता येतो का हे विचारल्याशिवाय राजीनाम्याची तारीख पक्की करू नका.

नाशिकचा फ्लॅट विकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. घर बांधण्याचा खर्च बचतीतून भागत नसेल तर घर लहान बांधा. तो फ्लॅट तुमच्या नावावर आहे, त्याचं भाडं येऊ शकतं, आणि पत्नी-मुलीसह कधी इकडे यावं लागलं तर दार उघडं राहतं. विकायचाच ठरला, तर अनिवासी म्हणून खरेदीदार तुमच्याकडून टीडीएस बराच जास्त कापेल, आणि पैसे एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांचं इथलं बँक खातं) सीएच्या दाखल्यानंतरच बाहेर नेता येतील. थायलंडमध्ये वर्षात १८० दिवस राहणाऱ्यानं २०२४ पासूनचं परदेशी उत्पन्न तिथे आणलं तर त्यावर कराचा प्रश्न येतो, तोही आधी विचारून घ्या. पत्नीसाठी आणि मुलीसाठी ओसीआयचा अर्ज मात्र करून टाका. नोंदणीकृत लग्नाला दोन वर्षं झाली असली की पत्नी पात्र ठरते. मग तुमच्या पश्चात फ्लॅट त्यांच्याकडे जाणं सोपं होईल.

पत्नीशी बोलायचं कसं? ‘तू मला सोडलंस तर’ इथून सुरू करू नका. ‘मी आधी गेलो तर’ इथून करा. तुमचं मृत्युपत्र आधी लिहा आणि तिला वाचून दाखवा: नाशिकचा फ्लॅट, बँकेतले पैसे, विमा, कुणाला काय. मग विचारा, तू आधी गेलीस तर मी कुठे राहू? या प्रश्नाचं उत्तर तिलाही हवं असणार, कारण तिच्या लेकीचा बाप कुठे राहणार हा तिचाही प्रश्न आहे. हे संभाषण थाई भाषेत करा, तुमचं थाई मोडकं असलं तरी. पैशाचा आकडा लपवू नका. किती आणलेत, किती बाजूला ठेवलेत आणि का, हे तिला ठाऊक असू द्या. बाजूला ठेवलेले पैसे नंतर सापडले तर तो अविश्वास वाटेल. आधी सांगितले तर ती तिघांसाठीची तरतूद होते.

अशी पत्रं पाठवणाऱ्या इतरांसाठी थोडं. स्वतःच्याच नावावर काहीतरी हवं असेल तर कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, हा सरळ मार्ग आहे. इमारतीतल्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंत परकीयांना मालकी मिळते. पैसा परदेशातून परकीय चलनात आल्याचा बँकेचा कागद मात्र जपा, नोंदणीला आणि पुढे विकताना तो लागतो. थाई पुरुषाशी लग्न केलेल्या भारतीय मुलींना मुदतवाढीसाठी ४ लाखांची अट लागत नाही. आणि २३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये समलिंगी विवाह नोंदता येतात, त्यामुळे अशी जोडपीही आता थाई जोडीदाराच्या आधारावर अर्ज करू शकतात.

तुम्ही सुरुवात वकिलापासून करा. थाई, उदोन थानीतलाच, आणि जमीन विकणाऱ्याशी किंवा एजंटाशी संबंध नसलेला. त्याच्याकडे दोघं मिळून जा. पत्नीची मृत्युपत्राची सही आणि छनोतवरची तुमची नोंद, या दोन गोष्टी पायाचा खड्डा खणण्याआधी झालेल्या असाव्यात. कंत्राटदार घाई करेल, पावसाळ्याचं कारण देईल. तरी थांबा.